कारवीला ‘कार्विया’ म्हणायचं की ‘स्ट्रोबिलँथस’? आणि ती नेमकी कुठकुठे उगवते?

डोंगरवाट
नमस्कार मंडळी. आमच्या गावाच्या वर देवराईकडे जाणारी पायवाट आहे. तिच्या कडेनं झाडांच्या नावाच्या पाट्या लावायचं काम गावातल्या मुलांनी अंगावर घेतलंय. हिरडा, जांभूळ, अंजनी, गेळा यांच्या पाट्या रंगवून झाल्या. कारवीपाशी मात्र घोडं अडलं.

एका जुन्या पुस्तकात नाव आहे ‘स्ट्रोबिलँथस कॅलोसस’. वनस्पतींच्या दुसऱ्या पुस्तकात ‘कार्विया कॅलोसा’. मोबाइलवर फोटो टाकला तर ‘स्ट्रोबिलँथस कॅलोसा’. झाड एक, नावं तीन. त्यात सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, “कारवी फक्त सह्याद्रीत होते असं म्हणता, मग केरळातली नीलकुरिंजी तिची कोण लागते?” तिला मी ‘बहीण’ असं सांगून टाकलं, पण सख्खी की चुलत, यावर माझंच अडलं.

पाटीवर कोणतं नाव लिहू? आणि हे कुटुंब नेमकं कुठवर पसरलंय? जाणकारांनी सविस्तर सांगावं, मुलं वाट बघताहेत.

सोनकी
किती छान काम करताय दादा! पाट्यांचे फोटो नक्की टाका. उत्तराची मीही वाट बघतेय.

घाटमाथा
मी आपला ‘कारवी’ एवढंच लिहीन. घाटातल्या निसरड्या उतारावर पाय सुटला की हाताला जी लागते ती कारवी. तिनं मला इतक्या वेळा धरलंय की नावगाव विचारायची वेळच आली नाही. :)

भिंग
डोंगरवाट, तुमची तिन्ही नावं आपापल्या जागी बरोबर आहेत. क्रमानं सांगतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठी जीवशास्त्रात ‘कुळ’ मोठं, त्याच्या पोटात ‘प्रजाती’ आणि प्रजातीच्या पोटात ‘जाती’. बोलताना आपण जातीलाही प्रजाती म्हणतो, तिथून निम्मे वाद सुरू होतात. कारवीचं कुळ अडुळशाचं. अबोली, कोरांटी, तालिमखाना ही सगळी त्यातलीच मंडळी. प्रजाती म्हणजे नावाचा पहिला शब्द. तुमचा घोळ त्या पहिल्या शब्दाचा आहे.

‘स्ट्रोबिलँथस’ ही प्रजाती ब्लूमे या शास्त्रज्ञानं १८२६ साली जावा बेटावरच्या वनस्पतींवर काम करताना मांडली. ग्रीकमध्ये स्ट्रोबिलोस म्हणजे सुचिपर्णी झाडाचं शंकूसारखं फळ आणि अँथोस म्हणजे फूल. कळ्यांवर एकावर एक चढलेली छदं, म्हणजे कळीला झाकणारी छोटी पानं, पाहिली की हे नाव का दिलं ते कळतं. आपल्या कारवीला १८३२ साली नेस फॉन एसेनबेक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं या प्रजातीत बसवलं. कॅलोसा म्हणजे लॅटिनमध्ये घट्टे पडलेली. जुन्या खोडावरून बोट फिरवा, चामखिळीसारखे खरखरीत उंचवटे हाताला लागतील.

मग आले ब्रेमेकँप. हे नेदरलँड्समधल्या उत्रेख्तचे. या पसाऱ्यात जातींची भाऊगर्दी फार झाली, असं त्यांचं मत होतं. १९४४ साली त्यांनी परागकणांचे आकार आणि फुलातले बारीक फरक धरून सगळ्या गटाच्या ५४ प्रजाती केल्या. कारवी त्यात वेगळी निघाली आणि तिला नाव मिळालं ‘कार्विया’. नीलकुरिंजी गेली ‘फ्लेबोफायलम’मध्ये. आपल्याकडच्या आणखी काही जाती ‘निलगिरिअँथस’मध्ये गेल्या. महाराष्ट्रातल्या पुस्तकांनी हीच विभागणी बरीच वर्षं चालवली. तुमचं दुसरं पुस्तक त्या काळातलं.

पुढचं उद्या लिहितो, वर्गावर जायचंय.

मावळकर
थांबा थांबा. ‘कार्विया’ म्हणजे आपला ‘कारवी’ हा मराठी शब्दच ना? लॅटिनचा अंगरखा घालून?

भिंग
हो, तोच.

मावळकर
मग मला ते नाव हवंय. डोंगरातल्या माणसांच्या तोंडचा शब्द जगभरच्या शास्त्रज्ञांनी प्रजातीचं नाव म्हणून घेतला, यापेक्षा मोठा मान कोणता? तो काढून पुन्हा ग्रीक शब्द का बसवायचा?

माझ्या आजोळचं घर कुडाचं होतं. कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, आडव्या कामट्यांनी बांधायच्या आणि वरून शेणमाती लिंपायची. पावसाळ्यात लिंपण सुटलं की आतून काठ्या दिसायच्या. मी अंथरुणात पडून त्या मोजायचो. आजी म्हणायची, “घराच्या बरगड्या मोजू नयेत रे.” त्या घरात वाढलेल्या माणसाला सांगा की कार्विया हे नाव रद्द झालं.

नाचणी
+१ मावळकर. शेवटची ओळ वाचून डोळे भरून आले.

टाकळा
मावळकरांच्या भावना पोचल्या, पण मत वेगळं आहे. शास्त्रीय नाव मान द्यायला नसतं, नातं सांगायला असतं. नातं चुकीचं निघालं तर नाव बदलावं लागणारच. मात्र माझी तक्रार उलटी आहे. हे लोक दर पिढीला नावं बदलतात. वनस्पतिशास्त्र शिकताना आम्ही ‘कार्विया कॅलोसा’ पाठ केलं, आता मुलीच्या वहीत दुसरंच. एकदा ठरवा आणि थांबा.

भिंग
टाकळा, उरलेली गोष्ट ऐका, मग तुमचा राग थोडा उतरेल.

ब्रेमेकँपच्या विभागणीतली अडचण अशी की ती हातात झाड घेऊन लावता येईना. परागकण सूक्ष्मदर्शकाखाली एक सांगायचे आणि फूल दुसरंच. एकाच डोंगरावरच्या, डोळ्यांना जुळ्या वाटणाऱ्या दोन जाती दोन प्रजातींत पडायच्या. २००२ साली मार्क कॅराइन आणि रॉबर्ट स्कॉटलंड यांनी या सगळ्या लक्षणांचा हिशेब मांडला. त्यातून आतल्या गटांच्या स्वच्छ सीमा काही निघेनात. पुढे २००४ साली डीएनएचा पुरावा आला. त्यानुसार हा सगळा गोतावळा एकाच मुळातून फुटलेला आहे, पण त्याच्या पोटातल्या ब्रेमेकँपच्या अनेक प्रजाती काही टिकत नाहीत.

घरातल्या उदाहरणानं सांगतो. एका आजोबांची चाळीस नातवंडं आहेत. त्यातल्या एकालाच वेगळं आडनाव दिलं आणि त्याच्या सख्ख्या भावाला जुन्याच आडनावात ठेवलं, तर आडनावावरून नातं कळेल का? एक तर प्रत्येक शाखेला वेगळं आडनाव द्यायचं, नाहीतर सगळ्यांचं एकच. शाखांच्या सीमा स्वच्छ दिसत नाहीत, म्हणून सगळ्यांना एकच आडनाव दिलं, ‘स्ट्रोबिलँथस’. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेनं २००६ साली द्वीपकल्पीय भारतातल्या जातींवर ग्रंथ काढला, त्यातही हाच मोठा अर्थ घेतलाय. ‘हेमिग्राफिस’ ही प्रजातीही नंतर यातच मिसळली. बऱ्याच घरांत कुंडीत जांभळट, खडबडीत पानांची एक आडवी पसरणारी वनस्पती असते, ती जुन्या नावानं हेमिग्राफिस अल्टरनाटा. ती आता कारवीची भावंड झाली.

थोडक्यात, जुनं मोठं घर होतं, ते मध्ये वाटण्या होऊन ५४ घरांत विभागलं गेलं आणि आता पुन्हा एक झालं. बदल झाले खरे, पण परत आलो ते १८३२ च्याच नावावर.

रातवा
मग कॅलोसस आणि कॅलोसा हा फरक का? भिंगसर, ते राहिलं.

भिंग
ते लिंगाचं प्रकरण. लॅटिन नावात विशेषणाचं लिंग प्रजातीच्या नावाप्रमाणे चालतं, जसं आपल्याकडे ‘मोठा डोंगर, मोठी टेकडी’. पूर्वी स्ट्रोबिलँथसला पुल्लिंगी धरायचे, म्हणून कॅलोसस. आता वनस्पतींच्या नामकरणाच्या नियमावलीत स्पष्ट आहे की ‘-अँथेस’नं (मराठीत आपण ‘-अँथस’ लिहितो) संपणारी प्रजातींची नावं स्त्रीलिंगी धरायची. म्हणून कॅलोसा. नीलकुरिंजीचंही तसंच, कुंथियानस होतं, कुंथियाना झालं.

नाचणी
म्हणजे मराठीत ‘ती कारवी’ म्हणत होतो ते पहिल्यापासून बरोबर होतं. शास्त्रज्ञांना उशिरा कळलं. :)

सोनकी
आता माझा अनुभव. मी मुंबईची. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००८ साली कारवी फुललेली पाहिली तेव्हा पोटात मुलगा होता. २०१६ साली त्याला कडेवर नाही, हात धरून नेला. सकाळी दव असताना फुलांजवळ गेलो तर कपड्यांना चिकट लागलं आणि एक उग्र वास बोटांना दिवसभर राहिला. मधमाश्यांचा आवाज इतका होता की मुलगा म्हणाला, “आई, डोंगर गुणगुणतोय.”

आठ वर्षांचं चक्र म्हणजे त्यानंतरची २०२४ ला. बरोबर ना?

घाटमाथा
सोनकीताई, मुंबईत आठ असेल, आमच्या बाजूला सगळे सात म्हणतात. आणि सगळे डोंगर एकाच वर्षी फुलत नाहीत. एका घाटात सगळं जांभळं आणि शेजारच्या खोऱ्यात नुसती हिरवी पानं, हे मी पाहिलंय. त्यामुळे ‘यंदा कारवीचं वर्ष’ असं ऐकून निघायच्या आधी कोणत्या डोंगराचं ते विचारून घ्या.

टाकळा
सात की आठ यावर पैज लागणार वाटतं.

रातवा
दोन्ही होऊ शकतं. ठिकठिकाणच्या कारवीचं वय वेगळं. एका डोंगरावरची सगळी झाडं एकाच पावसात रुजलेली, म्हणून ती एकत्र वाढतात, एकत्र फुलतात आणि बी धरून एकत्र मरतात. पुढच्या वर्षी तो उतार वाळक्या काड्यांनी भरलेला दिसतो. अनोळखी माणसाला वाटतं वणवा लागून गेला.

असं का, याचं एक पटणारं कारण म्हणजे बी खाणारे किडे-उंदीर. दर वर्षी थोडं बी पडलं तर ते सगळं फस्त करतील. सात-आठ वर्षं उपास घडवून एकदम ढीग टाकला की कितीही खाल्लं तरी उरतंच. बांबूचंही असंच.

नीलकुरिंजी बारा वर्षांनी. मुन्नारला १९९४, २००६, २०१८ असं फुललंय आणि मागे १८३८ पर्यंतच्या नोंदी आहेत. श्रीलंकेच्या उंच पठारांवर ‘नेलू’ म्हणतात ते हेच घराणं, तिथल्या जातीही बारा वर्षांच्या आसपास फुलतात.

नाचणी
म्हणजे एकगठ्ठा फुलणं हीच या प्रजातीची ओळख म्हणायची का?

भिंग
नाही, यावर वर्गात मुलं हमखास चुकतात. या प्रजातीतल्या बऱ्याच जाती दर वर्षी साध्यासुध्या फुलतात. ज्या वर्षांनंतर फुलतात त्या बातम्यांत येतात, म्हणून आपल्याला सगळ्याच तशा वाटतात. शिवाय उलटही खरं आहे. आफ्रिकेच्या डोंगरांत अडुळशाच्याच कुळातली ‘मिम्युलॉप्सिस’ ही वेगळी प्रजाती आहे. तिच्या काही जाती अनेक वर्षांनी एकदम फुलून मरतात. म्हणून सवयीवरून नातं ठरवू नये.

डोंगरवाट
भिंगसर, रातवा, मनापासून आभार. मुलांना हा धागा वाचून दाखवतोय. ‘आजोबांची चाळीस नातवंडं’ सगळ्यांना एका झटक्यात कळलं. आता दुसरा प्रश्न राहिला, हे घराणं कुठवर पसरलंय? एका मुलानं नकाशा काढायला घेतलाय.

रातवा
नकाशा काढताय तर आशियाचा मोठा कागद घ्या. एकूण साडेचारशेच्या आसपास जाती धरतात. हिमालय, ईशान्य भारत, म्यानमार, चीनचा दक्षिण भाग, तैवान, जपानची दक्षिणेकडची बेटं, व्हिएतनाम-थायलंड, इंडोनेशिया, फिलिपिन्स, न्यू गिनी आणि खाली श्रीलंका. आफ्रिका आणि अमेरिकेत ही निसर्गतः नाही. तिथे दिसली तर माणसानं नेलेली.

द्वीपकल्पीय भारतात पन्नासच्या वर जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. प्रजाती आशियाभर, पण एकेक जात एकेका डोंगररांगेला बांधलेली. पक्षी-वाऱ्यानं बी लांब नेणारी ही झाडं नाहीत. बी फेकलं जातं ते काही पावलांवर.

मावळकर
म्हणजे ‘कारवी फक्त सह्याद्रीत’ हे खरं आहे तर.

रातवा
जवळजवळ. कोकण, घाटमाथा, गोवा आणि कर्नाटकाचा घाट हे तिचं मुख्य घर. पण दक्षिण गुजरातेत डांगच्या जंगलात आणि मध्य प्रदेशात पचमढीच्या डोंगरांतही ती आहे. म्हणून पाटीवर ‘फक्त सह्याद्री’ लिहू नका, ‘मुख्यतः सह्याद्री’ लिहा.

आणि टोपली कारवी वेगळी बरं का. कास पठारावर जी उपड्या टोपलीसारखी गोल झुडपं दिसतात ती याच प्रजातीची दुसरी जात. व्हायटी ही आणखी एक, तीही यातलीच. सगळ्यांना सरसकट कारवी म्हटलं की पाटी चुकली.

सोनकी
माझ्या बाल्कनीत एक जांभळ्या चमकदार पानांचं झाड आहे, विकणारा त्याला ‘पर्शियन शील्ड’ म्हणाला. तेही स्ट्रोबिलँथस असं वाचलं. मग इराणही नकाशात येणार?

भिंग
येणार नाही. ती स्ट्रोबिलँथस डायरियाना, मूळची म्यानमारची. नावातला पर्शियन बाजारानं चिकटवलाय. नकाशात बागेतली झाडं धरायची नाहीत, नाहीतर अख्खं जग रंगवावं लागेल.

दक्षिण चीन, तैवान आणि जपानच्या ओकिनावा बेटांवर मात्र एक भिडू जरूर दाखवा, स्ट्रोबिलँथस कुसिया. आपल्या ईशान्येतही आहे. तिच्या पानांपासून निळा रंग काढतात, नीळ काढतात तशीच पानं भिजवून. आपल्याकडच्या नीळ झाडाशी तिचं काही नातं नाही, ते शेंगांच्या कुळातलं. कारवीच्या भावंडानं कापड रंगवलंय आणि कारवीनं भिंत उभी केलीये.

नाचणी
आणि मध! कारवी फुलते त्या वर्षीचा मध काळपट आणि दाट असतो. आमच्याकडे तो औषधाला म्हणून वेगळ्या बाटलीत राखून ठेवायचे.

घाटमाथा
मधाचं नाव काढलंत आणि धागा आता तिकडे वळणार. :)

डोंगरवाट
वळू द्या, पण आधी एक सांगतो. काल मुलांना घेऊन देवराईच्या वरच्या अंगाला गेलो. मागच्या वर्षी फुलून वाळलेली कारवी तिथे उभी आहे. भिंगसरांना विचारायचं होतं, पहिली सर पडली तेव्हा त्या रानातून तडतड आवाज येत होता, लाह्या फुटाव्यात तसा. एका मुलाच्या गालावर काहीतरी बारीक लागलंही. ती बी होती का?

भिंग
तीच. हे ऐकायला मिळणं मोठं भाग्य आहे, मुलांना तसं सांगा.

एक वाळकं फळ उकलून बघा. आत बियांच्या बुडाशी आकड्यासारखे ताठ, कडक देठ दिसतील. हे आकडे या कुळातल्या बहुतेक झाडांत असतात. वाळलेल्या फळाला ओल लागली की ते एकदम दोन भागांत फाटतं आणि आकडा बी गोफणीसारखी भिरकावतो. म्हणजे रुजायला पाऊस हवा आणि बीही पाऊसच उडवतो. मुलांनी तळहातावर एक फळ ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाकावा. डोळे जरा लांब ठेवा.

पानही उन्हाकडे धरून भिंगातून बघा. बारीक पांढुरक्या रेघा दिसतात, चुन्याच्या खड्यांच्या. त्याही अडुळशाच्या कुळाची खूण. पाटी वाचण्याआधी झाड वाचायची सवय लागेल.

मावळकर
भिंगसर, तुमचं शास्त्र पटलं, मन मात्र अजून कार्वियापाशीच आहे. डोंगरवाट, एक विनंती. जुनं नाव पूर्ण पुसू नका. खाली लहान अक्षरात तरी ठेवा.

भिंग
याला शास्त्राचीही पूर्ण मान्यता आहे. जुनं नाव ‘पर्यायी नाव’ म्हणून कायम नोंदीत राहतं, ते कुणालाही खोडता येत नाही. उद्या कुणी पुराव्यानं कारवीची शाखा वेगळी करून दाखवली, तर तिला नवं नाव शोधावं लागणार नाही. कार्विया तिथे ठेवलेलंच आहे.

मावळकर
हे आधी का नाही सांगितलंत! आता शांत झोप लागेल.

डोंगरवाट
पाटी ठरली. मुलांनी लिहिलेला मजकूर जसाच्या तसा देतो:

“कारवी. स्ट्रोबिलँथस कॅलोसा. कुळ अडुळशाचं. जुनं शास्त्रीय नाव कार्विया कॅलोसा, ते आपल्या कारवी या शब्दावरून पडलं. घर मुख्यतः सह्याद्री. डांग आणि पचमढीलाही आहे. भावंडं हिमालयापासून जपान आणि न्यू गिनीपर्यंत. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. फांद्या तोडू नका.”

त्या सातवीतल्या मुलीनं शेवटी आपल्या हातानं एक ओळ वाढवलीये: “नीलकुरिंजी हिची बहीण. बारा वर्षांनी भेटते.”

रातवा
मजकूर उत्तम. एकच दुरुस्ती, रंगवताना ‘स्ट्रोबिलँथस कॅलोसा’ तिरक्या अक्षरात घ्या, शास्त्रीय नाव तसंच लिहितात.

डोंगरवाट
तिरकं लिहायला मुलांना फार आवडेल. ब्रश भिजत घातलेत.